ठेवणीतली जोडी

ड्रोन दुसऱ्यांदा पडला तेव्हा माझी थोरली जाऊ त्याच्यापासून दहा पावलांवर उभी होती. हातात औषधाचं माप, तोंडाला फडकं. टाकीत अजून निम्म्याहून जास्त औषध होतं. रिमोटच्या पडद्यावर बॅटरी पन्नास टक्क्यांच्या वर दिसत होती. शेताच्या पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जाऊन तो सहज परत येईल असा माझा अंदाज होता. तेवढ्यात रिमोट ओरडायला लागला आणि बघता बघता पन्नासाचे अठरा झाले. मी रिमोटची दांडी मागे ओढली, पण पंख्यांचा आवाज आधीच बसला होता. ड्रोन एका अंगाला कलला आणि पंचवीस किलोचं धूड जाऊबाईंच्या समोर कपाशीच्या पऱ्हाटीत आदळलं.

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. पंखे थांबेपर्यंत माप तसंच धरून उभ्या होत्या. मग फडकं खाली ओढून म्हणाल्या, "मले मारतं का वं? तसं असंल तं आधीच सांगत जाय. मी घरून जेवून येईन."

मी हसले नाही. त्याही हसल्या नव्हत्या.

शेत आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंचं होतं, लोधीखेड्याच्या रस्त्याला लागून. त्या बांधावरून चालत आल्या, मोडलेली झाडं पाहिली, ड्रोनचा वाकडा झालेला पाय पाहिला आणि मला म्हणाल्या, "पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा झालं. गुरुवारी मीटिंग घेऊ. पांढुर्ण्याचा गट यंत्र मागून राहिला. त्यायच्याकडे चांगला उडवणारा माणूस हाय. देऊन टाकायचं का, ते ठरवू."

तो रविवार होता. मला चार दिवस मिळाले.

ड्रोन गटाला मिळाला त्याला वर्ष झालं होतं. उडवणारी दहावी पास हवी, अशी अट होती. अकरा जणींत दहावी झालेल्या दोघीच. दुसरीला जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी चक्कर येते. ती म्हणाली, आकाशाकडे पाहायचं काम मला सांगू नका. मग मी गेले. पंधरा दिवसांचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मला उडवायचा परवाना मिळाला. घरचा मिक्सर, शिलाई मशीन, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर हे सगळं आधीपासून मीच उघडते. त्यामुळे यंत्राची भीती नव्हती. भीती होती ती गावासमोर फजिती होण्याची. पहिल्या हंगामात ती वेळ आली नाही. लोक मला ड्रोनवाली बाई म्हणायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आजवर माझी ओळख कोणाची तरी सून, कोणाची तरी आई अशीच झाली होती. हे नाव कामावरून मिळालं होतं. ते गुरुवारी जाणार होतं.

सोमवारी सकाळी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो नागपूरला बसतो आणि हिंदी बोलतो.

"मैडम, टंकी ज़्यादा भर दी होगी."

"दस लीटर की टंकी में ग्यारह लीटर कैसे भरूँ, भैया? ऊपर से बह जाएगा."

"तो हवा तेज़ होगी."

"पत्ता नहीं हिल रहा था."

"तो फिर पायलट एरर है," तो म्हणाला. आवाजात जरा सुटकाही होती. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं, मग ते खरं असो नसो.

मी फोन ठेवला आणि वही काढली. दुरुस्तीचा मला एकच नियम माहीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण तितकेच अडाणी असतो. पहिल्यांदा ड्रोन पडला होता सौंसरजवळच्या एका मोठ्या शेतात. बाहेरून दोन साहेब पाहायला आले होते. तेव्हाही टाकी निम्मी भरलेली होती, तेव्हाही बॅटरी पन्नासच्या आसपास होती आणि तेव्हाही पडदा एकदम खाली आला होता. त्या दिवशी मी साहेबांना उन्हाचं कारण दिलं. रविवारी मात्र ढग होते. म्हणजे उन्हाचं कारण बाद झालं.

पंखे एकेक करून हातानं फिरवून पाहिले. सगळे सारखे फिरले. बॅटरी जिथं खोचतात तिथल्या पितळी तोंडांवर थोडं काळं धरलं होतं, ते खोडरबरानं घासलं. वायरी ओढून पाहिल्या, एकही सैल नव्हती. वाकडा पाय सरळ केला. जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि ओट्यावर बसून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"सापडलं का?"

"सापडलं नाही ते लिहून ठेवते आहे."

"हे बरं हाय. आमच्या चुलीवरचं दूध उतू गेलं का मीबी आजपासून लिहीन, कशानं कशानं नाही गेलं ते."

आता बॅटऱ्या राहिल्या. आमच्या ड्रोनला एका वेळी दोन लागतात, म्हणून आम्ही जोड्या म्हणतो. अशा चार जोड्या आहेत. प्रत्येकीवर मी ऑइलपेंटनं आकडा घातला आहे, एक ते चार. एका जोडीवर आठ-नऊ मिनिटं उडतो, तेवढ्यात एक एकर होतो. मग खाली घ्यायचा, जोडी बदलायची, टाकी भरायची, परत वर. जोडी संपत आली की यंत्र आधी इशारा देतं, मग आपणच उतरवतो. एकदम बसणं हे तिच्या रीतीतलं नाही.

मंगळवारी सकाळी खळ्यावर गेलो. मोकळी जमीन, आजूबाजूला कोणी नाही. औषधाऐवजी टाकीत विहिरीचं पाणी पूर्ण भरलं आणि फवारा बंद ठेवला, म्हणजे वजन शेवटपर्यंत तेवढंच राहील. कमरेएवढ्या उंचीवर ड्रोन स्थिर धरायचा, दर मिनिटाला पडद्यावरचे व्होल्ट वाचायचे आणि वहीत मांडायचे, असं ठरवलं. टक्क्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. टक्के म्हणजे बॅटरीनं स्वतःविषयी केलेला अंदाज. व्होल्ट म्हणजे त्या क्षणी तिच्या अंगात किती जोर आहे ते.

जाऊबाई वही घेऊन ट्रॉलीच्या मागे जाऊन बसल्या.

"तिथून ऐकू येईल का?"

"ओरडून सांग. मी इथूनच लिहीन. रविवारी जवळून पाह्यलं मी तुयं विमान."

पहिली जोडी लावली. पहिल्या मिनिटाला अठ्ठेचाळीस, मग सत्तेचाळीस, तिथून सावकाश उतरत सातव्या मिनिटाला चव्वेचाळीस. खाली घेतली. दुसरी जोडी अगदी तशीच. माझा संशय तिसरीवर होता. तिच्यावर ओरखडे होते, एकीचा कोपरा घासलेला, सगळ्यात जास्त काम तिनंच केलेलं. म्हातारी झाली असणार, असं मी धरून चालले होते. तिसरी पहिल्या दोघींपेक्षा थोडी लवकर उतरली, पण न अडखळता, पायरी पायरीनं. मध्येच कुठं बसली नाही.

मी वही बंद केली. बॅटऱ्या चांगल्या आहेत, म्हणजे दोष यंत्राच्या आतल्या तारांत आहे आणि तो माझ्या हातानं उघडता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. टाकीतलं पाणी ओतायला वाकले.

"अन् चौथी?" ट्रॉलीमागून आवाज आला.

"ती नवीन आहे, बाई. ती वापरलीच नाही फारशी."

"मंग? नवीन सून आली का तिले नाही पाहत का कोनी? आपल्या दोघीले तं सासूबाईनं महिनाभर पाह्यलं."

"तिला काय पाहायचं? भरल्याचे चारही दिवे लागतात तिच्यावर."

"मी लिहायले बसली हाय. तीन लिहिले, चौथी लिहीन. नाही तं उद्या म्हणशीन बाईनंच लिहिलं नाही."

चौथी जोडी मी बाजूला ठेवली होती. ड्रोन आला त्याच आठवड्यात ठरवलं होतं की तीन जोड्या रोजच्या कामाला आणि एक ठेवणीतली. हे कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे घरात जे काही जोडीनं किंवा सेटनं येतं, त्यातलं एक ठेवणीत जातं. ठरवावं लागत नाही. चांगली चादर, काचेचे ग्लास, एक टॉवेल. पाहुणे आले, प्रसंग आला तर काढायचं. तशी ही जोडी मी एक-दोनदा लावून पाहिली, पूर्ण भरली आणि कोठीतल्या लोखंडी पेटीत ठेवली. धूळ लागू नये म्हणून रजयांच्या मध्ये. पहिला हंगाम संपला तेव्हाची, होळीच्या आधीची गोष्ट. दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून दिवे पाहायचे, एखादा कमी दिसला की लाईट असेल तेव्हा परत भरून ठेवायची. यात मी कधी चुकले नाही.

चौथी लावताना ती खाचेत घट्ट बसली. दाबावी लागली. याआधीही तसंच झालं होतं आणि मी म्हटलं होतं, नवं आहे, नवी चप्पल चावतेच.

ड्रोन वर घेतला. पहिलं मिनिट एकोणपन्नास.

"पाहा," मी ओरडले. "सगळ्यांत जास्त."

दुसऱ्या मिनिटाला सत्तेचाळीस. तिसऱ्याला पंचेचाळीस. चौथं मिनिट पुरं व्हायच्या आधीच आकडा एकेचाळीसवर आला आणि रिमोट ओरडायला लागला. त्याच क्षणी टक्क्यांच्या जागी मात्र एकसष्ट दिसत होते. मी दांडी खाली ओढली. कमरेएवढ्या उंचीवरूनच पडायचं होतं, त्यामुळे दाणकन बसला, पण मोडलं काही नाही. पाणी हिंदकळून सांडलं.

जाऊबाई ट्रॉलीमागून बाहेर आल्या. वही माझ्यापुढे धरली. तीन ओळींत आकडे सावकाश उतरत गेले होते, चौथी ओळ अर्ध्यात तुटली होती.

पहिल्यांदा ड्रोन पडला त्या दिवशी साहेब आले होते. दुसऱ्यांदा अध्यक्षबाईंचं शेत होतं. दोन्ही वेळा प्रसंग मोठा म्हणून मी पेटी उघडून ठेवणीतली जोडी काढली होती. आणि दोन्ही वेळा सगळ्यांवर संशय घेतला, उन्हावर, पंख्यांवर, वायरींवर, बिचाऱ्या तिसऱ्या जोडीवर. हिच्यावर घेतला नाही, कारण हिला मी जपलं होतं.

जोडी काढायला गेले तर निघेना. दोघींनी ओढून काढली. उन्हात धरून पाहिलं तेव्हा दिसलं, एका बॅटरीची बाजू फुगली होती. फार नाही. भाकरीला पहिला पदर सुटतो तेवढीच.

परत फोन लावला. या वेळी आकडे वाचून दाखवले. तो आता 'पायलट एरर' म्हणाला नाही. विचारलं, "यह जोड़ी पहले कितनी उड़ाई है?"

"ज़्यादा नहीं उड़ाई. सँभाल के रखी थी."

"चार्ज करके?"

"पूरी. चारों बत्ती."

"कब से?"

"होली के पहले से."

"कहाँ रखी थी?"

"लोहे की पेटी में. रजाई के बीच. टीन के नीचे वाले कमरे में."

मग तो वेगळ्याच सुरात म्हणाला, "मैडम, सबसे पहले उसको घर के बाहर रखिए. रेत की बाल्टी में. आग पकड़ सकती थी." आणि मग त्यानं समजावून सांगितलं, चांगलं सांगितलं. या बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवल्या की आतून झिजतात. उन्हाळ्यात, पत्र्याखाली, तर फारच. दिवे चार दाखवतात, कारण नुसत्या पडून असताना त्यांच्याकडे कोणी काही मागत नाही. सहा पंखे आणि भरलेली टाकी एकदम उचलायची वेळ आली की जोर कुठून आणणार? बसतात. काम नसेल तर निम्म्या भरूनच ठेवायच्या. आणि सगळ्या जोड्या आळीपाळीनं वापरायच्या.

"ट्रेनिंग में बताया था, मैडम," तो शेवटी म्हणाला.

सांगितलं होतं. घरी येऊन शिक्षणाची वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं, "काम नसताना बॅटरी निम्मी ठेवावी, भरून ठेवू नये." खाली रेघही मारलेली. मी ते लिहिलं होतं, परीक्षेत तेच उत्तर देऊन गुण मिळवले होते आणि घरी येऊन बरोबर उलटं केलं होतं. विसरले म्हणून नव्हे. परीक्षेचं उत्तर एका जागी होतं आणि घर चालवायची रीत दुसऱ्या जागी. दोहोंची गाठच पडली नव्हती. इथं लाईट वेळापत्रकानं येते. आली की टाकी भर, मोबाईल भर, माठ भर, हे हात आपोआप करतात. रिकामं किंवा अर्धं भांडं ठेवून झोपणारी बाई आळशी. अर्धी भरलेली बॅटरी ठेवायची ही कल्पनाच माझ्या हातांना पटली नसती.

बाकीच्या तीन जोड्या वाचल्या त्या मी त्यांना जपलं नाही म्हणून. उन्हाळाभर संत्र्याच्या बागांत त्या राबत होत्या, भरल्या की दुसऱ्या दिवशी रिकाम्या होत होत्या.

आईच्या मागे तिची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी दोन साड्या निघाल्या, एकदाही न नेसलेल्या. उलगडल्या तर घडीवर चिरत गेल्या. बहिणी रडल्या. मी तेव्हा म्हटलं होतं, वाया गेल्या, आधीच नेसायला हव्या होत्या. बोलायला सोपं होतं ते. साड्या तिच्या होत्या.

चौथी जोडी अंगणाच्या टोकाला, वाळूच्या बादलीत ठेवली. बुधवारी सकाळी त्या बादलीकडे पाहत जाऊबाई म्हणाल्या, "उद्या काय सांगशीन?"

"काय झालं ते सांगेन."

"सारं?"

मी बादलीत आणखी दोन मुठी वाळू टाकली.

"बॅटरी खराब निघाली म्हण. खोटं थोडीच हाय? फुगली हाय, डोयानं दिसते. कंपनीच्या मालाले कोनीबी नावं ठेवते. कोन विचारते पेटीत होती का फळीवर?"

त्या म्हणत होत्या ते खरं होतं, आणि मी दिवसभर तेच म्हणायचं ठरवत होते. वाक्यही तयार केलं होतं. बॅटरी खराब निघाली. चार शब्दसुद्धा नाहीत. त्यात माझं नाव कुठंच येत नव्हतं. पण संध्याकाळी कपडे घड्या घालताना त्यातली अडचण दिसायला लागली. उद्या यंत्र पांढुर्ण्याला गेलं, तर तिथं उडवणारा माणूस असेल, पण बॅटऱ्या कोणाच्या तरी घरी राहतील. ते घर आमच्यासारखंच असेल. घरची बाई चांगल्या मनानं एक जोडी भरून पेटीत ठेवील, रजयांच्या मध्ये. आणि यंत्र इथंच राहिलं, तर नुसत्या 'खराब निघाली'वर पुढं काय करायचं ते गटातल्या एकीलाही कळणार नव्हतं. मी आजारी पडले तर कोणीतरी माझंच करील. मी काही फार सत्यवादी नाही. पण दुरुस्तीत कारण अर्धवट सांगितलं की बिघाड तसाच राहतो, हे मला माहीत आहे.

गुरुवारी दुपारी अध्यक्षबाईंच्या ओसरीत जाऊबाई धरून अकराही जणी आल्या. मी वही उघडली आणि आकडे वाचले. मग पेटी, रजया, होळी, पंधरा दिवसांनी दिवे पाहणं, सगळं सांगितलं. वहीतली रेघ मारलेली ओळही वाचून दाखवली.

मग एकीनं विचारलं, "म्हणजे जपून ठेवली म्हणून खराब झाली?"

"हो."

"हे काय वं बाप्पा. मंग आता नवं लुगडं रोज नेसून शेन काढाव का?"

हशा पिकला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे माही पऱ्हाटी तूच मोडली," त्या म्हणाल्या.

"हो. मीच."

"अन् साहेबापुढं पाडलं तेबी तूच."

"तेही मीच."

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या, पण त्यात कौतुक नव्हतं. "पण आता सांग, तिसऱ्यांदा पडलं तं? जोडी गेली ठीक हाय, झाडं गेली ठीक हाय. ही तुयी जाऊ तिथं उभी होती. हिच्या डोक्यावर पडलं असतं तं तू इथं वही घेऊन बसली असती का?"

सगळ्या जाऊबाईंकडे पाहू लागल्या. त्या भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या.

"मी जाईन हिच्यासंग," त्या म्हणाल्या. "पण आता लांब नाही उभी राहणार. हिच्या बाजूनं उभी राहीन, पडद्यापाशी. तो व्होल्टचा आकडा मी पाहीन. चव्वेचाळीस झाले का मी म्हणीन उतरव. मंग हिनं तोंड उघडायचं नाही, उतरवायचं. टाकीत किती हाय, ओळ किती राहिली, मालक काय म्हणते, काहीच नाही. मंजूर असंल तं ठेवा, नाही तं द्या पांढुर्ण्याले."

"मंजूर हाय का?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

वर्षभर मी एकटी ठरवत आले होते, कुठं उडवायचं, कधी उतरवायचं. परवाना माझ्या नावावर होता.

"मंजूर," मी म्हटलं.

हात वर करून मत घेतलं. माझा हात मोजायचा नाही, असं मीच सांगितलं. यंत्र ठेवा म्हणणाऱ्या पाच, देऊन टाका म्हणणाऱ्या चार. अध्यक्षबाईंनी हात कोणत्याच बाजूनं वर केला नाही. "पाच झाले ना," त्या म्हणाल्या, "मी कायले मधात पडू? पण एक झाड जरी मोडलं तं मीटिंग घेनार नाही. सरळ गाडी बोलावीन."

फुगलेली जोडी कंपनीच्या माणसानं पुढच्या खेपेला येऊन नेली. बदलून दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. तीन जोड्यांवर काम करायचं ठरलं. आता भरायच्या त्या उडवायच्या दिवशी सकाळी. काम नसेल तेव्हा दोनच दिवे लागलेले असतात. पहिले काही दिवस ते दोन दिवे पाहून मला चैन पडत नसे. पाहुणे घरात आणि दूध निम्मंच, असं वाटायचं.

मीटिंगनंतरचं पहिलं काम तिगावला होतं, रेल्वे लाईनच्या अलीकडे एक संत्र्याची बाग. झाडांवर कोळशी पडली होती, पानं काळी पडलेली. बागेचे मालक वयस्क. आधीच्या दोन पडण्यांच्या गोष्टी त्यांच्या कानावर गेलेल्या होत्या. खुर्ची टाकून ते बरेच लांब बसले.

जाऊबाई माझ्या डाव्या खांद्याशी उभ्या राहिल्या, चष्मा लावून. मी ड्रोन वर घेतला. एक ओळ झाली, दोन झाल्या. त्या दर थोड्या वेळानं आकडा बोलत होत्या, भाजीचे भाव सांगावे तशा. सत्तेचाळीस. अजून सत्तेचाळीस. सेहेचाळीस. पाचव्या ओळीच्या मध्यावर ड्रोन होता, पुढं सहा-सात झाडं राहिली होती. टाकीत बरोबर तेवढं औषध होतं. ती झाडं एका मिनिटाच्या आत झाली असती, हे मला दिसत होतं. पहिली जोडी होती ती, तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

"चव्वेचाळीस," जाऊबाई म्हणाल्या. "उतरव."

"बाई, सहाच झाडं—"

"उतरव म्हटलं ना."

लांबून मालक खुर्चीतून उठले. "अहो बाई, अर्धी ओळ राहिली ना! एवढ्यासाठी काहून उतरवून राहिल्या?"

"राहू द्या," जाऊबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "झाडं पळून नाही जाऊन राहिली."

माझा अंगठा दांडीवर होता. पुढं ढकलायची की मागे घ्यायची, एवढंच. मी मागे घेतली. ड्रोन ओळ सोडून वळला, झाडांवरून परत आला आणि मोकळ्या जागेत सावकाश टेकला. पंखे थांबल्यावर मी बॅटरीला हात लावून पाहिला. कोमट होती. पडद्यावर त्रेचाळीस व्होल्ट आणि तीस टक्के.

तीस टक्के म्हणजे ती सहा झाडं नक्की झाली असती. मी तसं बोलले नाही. जाऊबाईंनी वहीत आकडा मांडला, माप उचललं आणि टाकीत औषध ओतायला लागल्या. मी पहिली जोडी काढली, तिसरी लावली आणि राहिलेली अर्धी ओळ मारायला ड्रोन परत वर घेतला.